‘वे’ आणि ‘वे’ : एका नाविक वाक्प्रचाराची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यास उच्चार आणि लेखन यांचा बेबनाव जितका छळतो, तितकें त्या भाषेचें व्याकरणही छळीत नाहीं. त्यांतून शब्द दर्यावर्दी लोकांच्या बोलींतला असला म्हणजे विचारूंच नये. लिहावयाचें ‘बोट-स्वेन’ आणि म्हणावयाचें ‘बोसन’. लिहावयाचें ‘फोर-कॅसल’ आणि म्हणावयाचें ‘फोक्सल’. लिहावयाचें ‘गन-वेल’ आणि म्हणावयाचें ‘गनल’. याचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. हे शब्द शेंकडों वर्षें जहाजावर, वाऱ्याच्या घोंगावण्यांत, एकमेकांस ओरडून सांगितले गेले. ते कागदावर उतरविणारा कारकून किनाऱ्यावर बसलेला. त्याचा शब्द जेथें होता तेथेंच राहिला. खलाशाचा शब्द जिभेवर झिजत गेला.

परंतु याच्या उलट प्रकारचें एक कोडें आहे, आणि आजच्या लेखांत आम्ही तें वाचकांपुढें मांडूं इच्छितों. येथें उच्चार एकच आहे आणि लेखनें दोन आहेत. नांगर उचलून जहाज मोकळें झालें म्हणजे इंग्रज त्यास ‘अंडर वे’ असें म्हणतो. नांगर तळाच्या चिखलांतून सुटून दोरावर लोंबूं लागला म्हणजे तो नांगर ‘अवे’ झाला, असेंही तो म्हणतो. कानास दोन्हीकडे ‘वे’ एकच. लेखणीस मात्र प्रश्न पडतो : हा ‘वे’ डब्ल्यू-ए-वाय असा लिहावयाचा, कीं डब्ल्यू-ई-आय-जी-एच असा? पहिल्याचा अर्थ वाट, दुसऱ्याचा अर्थ तोलणें किंवा वजन करणें. वाट म्हणावी तर जहाज वाटेच्या ‘खालीं’ कसें? वजन म्हणावें तर नांगराचें वजन समुद्रांत करतो कोण? पनवेलसारख्या खाडीकाठच्या गांवीं अध्यापन करितांना हा प्रश्न आमच्यापुढें वरचेवर येतो, आणि ‘अमुक बरोबर, तमुक चूक’ एवढें सांगून तो मिटविणें आम्हांस कधींच पटलें नाहीं. शब्दाच्या चुकीलाही इतिहास असतो, आणि तो समजल्यावांचून बरोबर काय हेंही नीट समजत नाहीं.

प्रथम ‘अंडर वे’ घेऊं. सतराव्या शतकांत डच लोक समुद्रावर इंग्रजांचे प्रतिस्पर्धी होते आणि गुरुही होते. त्यांच्या भाषेंत ‘ओन्डरवेखन’ म्हणजे ‘वाटेवर असलेला’. ह्या शब्दांतील ‘ओन्डर’चा अर्थ ‘खालीं’ असा नसून ‘मध्यें, चालू असतां’ असा आहे. इंग्रज खलाशांनीं हा शब्द उचलला, आणि अठराव्या शतकांत तो इंग्रजी लेखनांत ‘अंडर वे’ ह्या रूपानें रुळलेला दिसतो. मूळ अर्थ एवढाच कीं, जहाज वाटेस लागलें. अर्थात् मूळचें लेखन वाटेचें, म्हणजे डब्ल्यू-ए-वाय असें, याविषयीं शंका नाहीं.

मग दुसरें लेखन आलें कोठून? तें आलें नांगराकडून. इंग्रजींत नांगर उचलण्यास ‘वे अँकर’ असें म्हणतात, आणि हा ‘वे’ तोलण्याचा आहे. नांगर उचलल्याशिवाय जहाज वाटेस लागत नाहीं. दोन्ही क्रिया एकामागून एक, त्याच माणसांच्या हातून होणाऱ्या. दोहोंस लागणारा शब्द कानास एकच. अशा स्थितींत लिहिणाऱ्यानें ‘अंडर वे’ म्हणजे ‘नांगर उचललेल्या स्थितींत’ असें समजून वाटेच्या जागीं तोलण्याचा शब्द लिहिला, तर त्यांत नवल तें काय? एकोणिसाव्या शतकांत चांगल्या चांगल्या लेखकांनीं तसें लिहिलें. अॅडमिरल विल्यम हेन्री स्मिथ यांचा नाविक शब्दांचा कोश १८६७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं हें लेखन अयोग्य ठरविलें. पण लगेच दोन्ही शब्दांस निरनिराळा अर्थ देण्याचा यत्नही केला. नांगर उचलला कीं जहाज तोलण्याच्या अर्थानें ‘अंडर वे’. पाणी कापीत पुढें जाऊं लागलें कीं वाटेच्या अर्थानें ‘अंडर वे’. आणि शेवटीं त्यांनींच कबुली दिली कीं, जुन्या खलाशांमध्यें हा वादाचाच मुद्दा आहे. उभा जन्म समुद्रावर घालविलेल्या माणसास जें निकालांत काढतां आलें नाहीं, त्याकरितां वर्गांतल्या विद्यार्थ्याच्या कानशिलावर टोला मारणें न्यायाचें नव्हे.

पुढें ह्या वादाचा निकाल लागला, आणि तो मोठा मजेदार लागला. समुद्रावर जहाजांच्या टकरी होऊं नयेत म्हणून सर्व राष्ट्रांनीं मिळून केलेले नियम आहेत. सांप्रतचे नियम १९७२ सालीं ठरले आणि १९७७ पासून अमलांत आले. त्यांत ‘अंडरवे’ ह्या शब्दाची व्याख्या दिली आहे. जें जहाज नांगरावर नाहीं, किनाऱ्यास बांधलेलें नाहीं आणि जमिनीवर रुतलेलेंही नाहीं, तें ‘अंडरवे’. तें पुढें जात असलेंच पाहिजे असें नाहीं. यंत्र बंद करून नुसतें पाण्यावर तरंगणारें जहाजही कायद्याच्या दृष्टीनें ‘अंडरवे’च. म्हणजे लेखन राहिलें वाटेचें, पण अर्थ राहिला नांगर उचलल्याचा. वादांतील एका पक्षास अक्षरें मिळालीं आणि दुसऱ्यास आशय मिळाला. ‘अवे’ ह्या शब्दानें मात्र आपलें तोलण्याचें लेखन सोडलें नाहीं. अमेरिकेच्या आरमारी विद्यालयाकरितां १९०६ सालीं रचलेल्या प्रसिद्ध संचलनगीताच्या नांवांत तो आहे, आणि त्याचा अर्थ नांगर दूर गेले असा नसून नांगर उचलले गेले असाच आहे.

आतां ‘तोलणें’ आणि ‘उचलणें’ यांचा संबंध काय, हें पाहूं. जुन्या इंग्रजींत ‘वेगन्’ असा धातु होता. त्याचा अर्थ नेणें, वाहणें, उचलणें. वजन करावयाचें म्हणजे वस्तु हातांत किंवा तराजूंत उचलूनच धरावी लागते. त्यामुळें उचलण्याचा शब्द वजनाचा झाला. बाजारांत जुना अर्थ विसरला गेला; जहाजावर तो तसाच राहिला. ही चाल इंग्रजांचीच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. संस्कृत ‘तुल्’ धातूचे अर्थ हेच दोन आहेत, उचलणें आणि तोलणें. रावणानें कैलास उचलला त्यास ‘रघुवंशां’त कालिदासानें ‘तुलित’ हाच शब्द योजिला आहे. तेथें कोणी पर्वताचें वजन केलें नव्हतें. आपण मराठींत ‘तोल’, ‘तराजू तोलणें’ असें म्हणतों तेव्हां उचलण्याचा तो अर्थ आपल्या मनांत नसतो. पण शब्दाच्या पोटांत तो असतोच.

क्रियापदाच्या रूपांविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यांतही विद्यार्थी अडखळतात. जुन्या इंग्रजींतील ‘वेगन्’चें भूतकाळीं रूप आंतील स्वर बदलून होत असे, जसें आज ‘सिट्’चें ‘सॅट्’ होतें. पुढें हा धातु सरळ झाला आणि ‘वेड’ असें साधें रूप घेऊं लागला. म्हणून ‘नांगर उचलला’ याचें इंग्रजी आज नियमित रूपानेंच होतें. त्याच्या शेजारचा ‘हीव’ हा धातु पाहा. ओढणें, उचलणें, फेंकणें असा त्याचा अर्थ. किनाऱ्यावर त्याचें भूतकालवाचक रूप ‘हीव्ड’ असें नियमित झालें. समुद्रावर मात्र ‘होव्ह’ हें जुनें रूप टिकलें. वाऱ्यास सन्मुख करून जहाज जागच्या जागीं थोपविलें, तर तें ‘होव्ह टू’. क्षितिजावर जहाज दिसूं लागलें, तर तें ‘होव्ह इन साइट’. तेथें ‘हीव्ड’ लिहिणें खलाशाच्या कानास खटकतें. एकच धातु, पण घरीं एक वेष आणि दर्यावर दुसरा. जी रूपें व्याकरणाच्या पुस्तकांतून नाहींशीं झालीं, तीं धंद्याच्या बोलींत कशीं जिवंत राहतात, याचें याहून सुबोध उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथवर आम्हीं ‘वाट’ आणि ‘तोल’ यांचे दोन ‘वे’ निरनिराळे मानिले. आतां त्यांच्या कुळाकडे वळूं, म्हणजे कोड्याचा खरा उलगडा होईल. जुन्या इंग्रजींत वाटेस ‘वेग्’ म्हणत आणि उचलण्यास ‘वेगन्’. दोन्ही एकाच धातूपासून निघालेले. वाट ती, जिच्यावरून माणूस किंवा माल वाहून नेला जातो. पुढें पहिल्यांतील ‘ग्’ मऊ होऊन ‘य्’सारखा झाला आणि वाय ह्या अक्षरानें लिहिला गेला, दुसऱ्यांतील ‘ग्’ लेखनांत जी-एच ह्या मुक्या अक्षरांच्या रूपानें मागें राहिला. ‘वॅगन’ म्हणजे गाडा, हाही त्याच घराण्यांतला. आणि हें घराणें आपल्यास परकें नाहीं. संस्कृत ‘वह्’ धातु, लॅटिन ‘वेहेरे’ आणि हे इंग्रजी शब्द एकाच मूळाचे, हें तौलनिक भाषाशास्त्रानें पूर्वींच सिद्ध केलें आहे. इंग्रजीच्या ज्या जी-एचचा आज उच्चारही होत नाहीं, त्याचा सोयरा आपल्या ‘वह्’मधील ‘ह’ हा अजून खणखणीत ऐकूं येतो. वाहन, वाहतूक, प्रवाह, विवाह, ओझें वाहणें, देवास फूल वाहणें, हें सारें त्याच कुळांतलें. आणि ‘ऊढ’ ह्या भूतकालवाचक रूपावरून निघालेले प्रौढ व नवोढा हे शब्दही त्याच कुळांतले. तेव्हां ज्या खलाशांनीं ‘वे’ आणि ‘वे’ यांची गल्लत केली, त्यांनीं फार काळ दुरावलेल्या दोन बहिणींस नकळत एका घरीं आणून बसविलें, असें म्हटलें पाहिजे.

हे सर्व शब्द एकत्र नांदतांना पाहावयाचे असतील, तर पनवेलच्या जुन्या बंदराची आठवण करावी. मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू व माल एके काळीं खाडीनें पनवेलीस उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाड्यांस जातां येईल असा रस्ता खुला झाला, तेव्हां ह्या बंदराचें महत्त्व वाढलें. गलबतें भरतीच्या पाण्यावर खाडींत येत, माल उतरवीत, आणि पुढल्या भरतीस नांगर उचलून हाकारीत. उतरलेला माल बैलगाड्यांवर चढे. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरांत पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाड्यांचीं चाकें तयार करण्याचा उल्लेख आहे. म्हणजे नांगराचा ‘वे’, घाटाचा ‘वे’, गाड्याचा ‘वॅगन’ आणि आपली ‘वाहतूक’ हीं चारही भावंडें एकाच धक्क्यावर राबत होतीं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली आणि पुण्याचा माल दुसऱ्या वाटेनें जाऊं लागला. पनवेलचें बंदर हळूहळू मागें पडलें. वाट बदलली म्हणजे शब्दांचेंही दैव बदलतें, तें असें.

परंतु ह्याच किनाऱ्यावर, आपल्या मराठींत, ‘वे’सारखीच एक गल्लत घडलेली आहे, आणि ती इतकी पूर्ण झाली आहे कीं कोणास ती गल्लत वाटतही नाहीं. तो शब्द म्हणजे ‘नांगर’. शेतकऱ्याचा नांगर हा संस्कृत ‘लाङ्गल’. पालींत त्याचें ‘नङ्गल’ झालेलें आहे. आरंभींच्या ‘ल’चा ‘न’ होण्याची ती चाल इतकी जुनी. जहाजाच्या नांगरास मात्र हिंदी व गुजराती भाषांत ‘लंगर’ म्हणतात, आणि तो शब्द फारशींतला. हा ‘लंगर’ समुद्रमार्गें मराठी किनाऱ्यास लागला, तेव्हां येथल्या माणसाच्या ओठावर शेतांतला ‘नांगर’ आधींच होता. एक लोखंडी दांता जमिनींत घुसतो, दुसरा खाडीच्या गाळांत घुसतो. नाद जवळचा, रूप जवळचें. मराठी कानानें परका शब्द ओळखीच्या सांच्यांत ओतला, असें आम्हांस वाटतें. पनवेल-उरणकडील आगरी कुटुंबांत पावसाळ्यांत भातशेती, उन्हाळ्यांत मिठागर आणि हाताशीं खाडी असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यांच्या घरीं दोन्ही नांगर असत, आणि दोहोंस एकच नांव पुरे होई. मोल्सवर्थच्या कोशांतही एकाच ‘नांगर’ शब्दाखालीं दोन्ही अर्थ दिले आहेत.

असा प्रकार इंग्रजांच्या तोंडींही आपल्या शब्दांचा झाला. कोंकणच्या आरमारांतील ‘गुराब’ हें जहाज आंग्र्यांच्या काळीं इंग्रजांस चांगलेंच परिचयाचें झालें होतें. गुराब हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ कावळा. मुंबईकर इंग्रजांनीं त्याचा ‘ग्रॅब’ केला, म्हणजे ज्याचा अर्थ झडप घालून हिसकावणें असा त्यांच्याच एका क्रियापदाशीं तो एकरूप करून टाकिला. आंग्र्यांच्या गुराबांनीं त्यांच्या व्यापारी जहाजांवर ज्या झडपा घातल्या त्या लक्षांत घेतां, त्यांस हें रूपांतर अगदीं समर्पक वाटलें असेल! अशा रूपांतरांचा मोठा संग्रह यूल आणि बर्नेल या दोघांनीं १८८६ सालीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ या नांवानें प्रसिद्ध केला. तें नांव म्हणजे तरी काय? मोहरमच्या मिरवणुकींतील ‘या हसन, या हुसेन’ ह्या घोषाचा गोऱ्या शिपायाच्या कानानें केलेला तर्जुमाच. न समजलेला नाद समजलेल्या शब्दांत बसविणें हा मनुष्याच्या कानाचा धर्म आहे. त्यास देश नाहीं आणि विद्वत्ताही नाहीं.

लेखणीची गोष्ट याहून निराळी आहे. ती कधीं जुना भेद जपते, तर कधीं तो पुसून टाकते. प्रस्तुत लेखांत आम्हीं अनुस्वारांचें जुनें वळण ठेविलें आहे. त्या वळणाप्रमाणें पाण्यावरील ती ‘नाव’ आणि हांक मारण्याचें तें ‘नांव’ असा भेद डोळ्यांस दिसतो. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम मान्य झाले, न उच्चारिले जाणारे अनुस्वार गेले, आणि दोन्ही शब्द एकसारखे लिहिले जाऊं लागले. त्यानें मराठी भाषेची नाव बुडाली नाहीं. वाक्याच्या संदर्भानें अर्थ कळतो. इंग्रजींत दोन ‘वे’ दोन तऱ्हेनें लिहितात, आपण दोन ‘नाव’ एका तऱ्हेनें लिहितों. दोन्ही संकेत आहेत. संकेत पाळावे, कारण त्यांवांचून एकाचें लिहिणें दुसऱ्यास वाचतां येणार नाहीं. पण संकेत म्हणजे सद्गुण नव्हे, आणि तो न पाळणें म्हणजे दुर्गुणही नव्हे.

हें आम्ही आग्रहानें लिहीत आहों, त्यास कारण आहे. आपल्या सुशिक्षित घरांतून शुद्ध भाषेचा अभिमान मोठा, तो असावाही. परंतु त्याच अभिमानापोटीं खाडीकाठच्या गांवांतून आलेल्या मुलामुलींच्या बोलीस हंसण्याची एक खोड आपल्यास जडली आहे. मूल ‘पानी’ म्हणालें कीं वर्गांत खसखस पिकते. ‘पाणी’ शब्दाचें मूळ संस्कृत ‘पानीय’. त्यांत ‘ण’ नाहीं, ‘न’च आहे, हें हंसणाऱ्यांच्या गांवींही नसतें. हंसें झालेलें तें मूल दुसऱ्या दिवशीं कमी बोलतें, तिसऱ्या दिवशीं गप्प बसतें. आणि नांगर, शीड, सुकाणूं, तांडेल, नाखवा हे ज्याच्या आज्याच्या जिभेवर सहज नाचत होते, त्याचें तोंड आपण बंद केलेलें असतें. असें होतांना आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे. इंग्रज विद्वानांनीं आपल्या खलाशांच्या ‘होव्ह’ला गांवंढळ म्हणून हाकलून दिलें नाहीं, त्यास कोशांत मानानें जागा दिली. थॉमस रोबक यानें तर इंग्रजी जहाजांवरील हिंदी खलाशांच्या हुकुमांचाही कोश १८११ सालीं कलकत्त्यास छापला. त्यांत त्यांचा स्वार्थ होता, कारण हुकूम न समजला तर जहाज बुडतें. पण त्या स्वार्थानेंही शब्द वांचविले. आपण निःस्वार्थ अभिमानानें ते गमावूं नयेत.

शब्द राखून ठेवण्याची वेळ आतां थोडीच उरली आहे. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें मोठें बंदर सुरू झालें. तेथें येणाऱ्या जहाजांचे नांगर यंत्रानें उचलले जातात, आणि हुकूम इंग्रजींतच होतात. पनवेलच्या खाडींत शिडाचें गलबत पाहिलेलीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांच्या बोलींत दोराच्या प्रत्येक प्रकारास, वाऱ्याच्या प्रत्येक वळणास आणि भरतीच्या प्रत्येक वेळेस शब्द आहेत, ते पुष्कळसे छापलेल्या पुस्तकांत सांपडत नाहींत. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं असें कोणी असेल, त्यांनीं जवळ बसून ते शब्द विचारावे आणि जसे ऐकूं येतील तसे लिहून ठेवावे. लेखन शुद्ध कीं अशुद्ध, याचा विचार मागाहून करतां येईल.

उरला आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. जहाजाविषयीं लिहितांना ‘अंडर वे’ हें वाटेच्या अक्षरांनीं लिहावें. नांगराविषयीं लिहितांना ‘अवे’ हें तोलण्याच्या अक्षरांनीं लिहावें. आज रूढ संकेत तो आहे आणि परीक्षकही तोच पाहतो. मात्र कोणीं अदलाबदल केली, तर ती बहिणीबहिणींमधली अदलाबदल आहे, एवढें स्मरणांत ठेवून तांबडी रेघ थोड्या हलक्या हातानें मारावी.